चोवीस मिनिटांचे कांदेपोहे

जपानी कार्टून, म्हणजे अ‍ॅनिमे, जपानी भाषेतच बघावं, यासाठी नागपुरात एक कारण आहे जे पुण्या-मुंबईच्या माणसाला पटायचं नाही. ते कारण म्हणजे कूलर. आमच्या हॉलच्या खिडकीला लोखंडी डेझर्ट कूलर आहे. मे महिन्यात तो सुरू झाला की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणंही ओठांवरून ओळखावं लागतं. हिंदी डब लावा नाहीतर इंग्रजी, कानात शिरतं ते फक्त घर्रर्र. मग जपानी तर जपानी, खालची इंग्रजी अक्षरं वाचायची आणि पुढे जायचं. अ‍ॅनिमेवाल्यांमध्ये सब (मूळ आवाज आणि खाली अक्षरं) चांगलं की डब, यावरून अगदी भाऊबंदकी चालते. आमच्या घरी तो वाद ४५ अंशांनी मिटवला.

माझं वय आता चाळिशीला टेकलंय आणि नव्या मालिकेचा पहिला एपिसोड लावताना अजूनही मला बघण्याच्या कार्यक्रमाची आठवण येते. माझे असे कार्यक्रम मोजून सात झाले. एक बारकावा सांगते. नागपुरात पोहे म्हटले की वरून चण्याची लालभडक तर्री हवीच, त्याशिवाय घशाखाली उतरत नाहीत. पण बघण्याच्या पोह्यांवर तर्री कोणी देत नाही. मुलाचा शर्ट पांढरा असतो ना! म्हणजे ज्या चवीवर गावाचं नाव आहे, तीच त्या दिवशी स्वयंपाकघरात झाकून ठेवायची.

पहिल्या एपिसोडचंही तसंच. ठेवणीतलं सगळं बाहेर काढलेलं असतं. नायकाच्या केसांची एकेक बट वाऱ्यावर वेगळी हलते, रामेनच्या वाडग्यातून वाफ अशी निघते की भूक लागावी. चोवीस मिनिटांतली तीनेक मिनिटं सुरुवातीच्या आणि शेवटच्या गाण्यात जातात. उरलेल्या एकवीस मिनिटांत त्याचं दुःख, त्याचं स्वप्न, मेलेले आईवडील (असतातच) आणि एक मारामारी. तुम्ही होकार देता. आणि सहाव्या एपिसोडात कॅमेरा जरा लांब गेला की रस्त्यावरच्या माणसांना नाक-डोळेच नसतात.

नणंदेचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो मला अधूनमधून उपदेश करतो. ‘मामी, पहिल्यावर नको जाऊ, तीन तर पाय.’ हा तीन एपिसोडचा नियम त्यानं शोधलेला नाही, जगभर चालतो, आणि तो पक्का होण्यात ‘मडोका मॅजिका’चा मोठा हात आहे. २०११ सालची, अवघ्या बारा एपिसोडची मालिका. वरून बघाल तर गुलाबी केस, शाळकरी मुली, जादूची छडी. पहिला एपिसोड बघून मी ‘बालवाडी’ म्हणून बंद केली होती. एक पांढरा मांजरासारखा प्राणी त्या मुलींना म्हणतो, करार करा, एक इच्छा पूर्ण करून देतो. चेहऱ्यावर कायम तेच गोड हसू. विमा एजंट ओळखायला मला इतका वेळ लागायला नको होता. तिसऱ्या एपिसोडात त्या कराराची बारीक अक्षरं कळतात आणि आपण गार पडतो, कूलर नसतानाही.

पण माझं पहिलं अ‍ॅनिमे मी अ‍ॅनिमे म्हणून बघितलंच नव्हतं. रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा. गुलजारांचं गाणं, विशाल भारद्वाजचं संगीत, आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरचा. यात परकं काय वाटणार? त्यातून आमची आत्या शिवनीला. किपलिंगनं लिहिलेल्या मोगलीच्या कथेतल्या टेकड्या त्याच शिवनीच्या, नदी तीच वैनगंगा, जी पुढे आमच्या भंडाऱ्यातून वाहते. बसनं मनसर, देवलापार, खवासा असं करत निघालं की जंगल लागायचं, आणि मी खिडकीच्या गजाला गाल लावून चड्डीतला मुलगा शोधायची. (आता त्या रस्त्यावर वाघांना खालून जाता यावं म्हणून उंच पूल बांधलेत. तेव्हा वाघ आणि एसटी एकाच रस्त्यानं जायचे.) आत्याला विचारलं, मोगली कुठे राहतो? ती म्हणाली, कुरईच्या घाटात. मी मान्य केलं.

मोठेपणी कळलं की ते कार्टून १९८९ साली जपानमध्ये, निप्पॉन अ‍ॅनिमेशनमध्ये तयार झालेलं. कथा लिहिली इंग्रजानं, जंगल आमच्या शेजारचं, चित्रं काढली जपान्यांनी, बोलला नाना. मला फसवल्यासारखं मुळीच वाटलं नाही. उलट आत्याचाच जरा राग आला.

धाकट्या भावाचा घोटाळा याहून भारी. त्याच्या डोक्यात तेव्हा केबलवरच्या ‘ड्रॅगन बॉल झी’चा नायक गोकू होता. दिवसभर ओट्यावर उभा राहून दोन्ही तळहात पुढे करून किंचाळायचा. बाबांनी कामठीला ड्रॅगन पॅलेस बघायला नेतो म्हटल्यावर तो रात्रभर झोपला नाही. जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीनं १९९९ मध्ये उभं राहिलेलं ते बुद्धविहार. आत चंदनाची बुद्धमूर्ती आणि इतकी शांतता की स्वतःच्या श्वासाची लाज वाटावी. भाऊ हॉलमध्ये गोल फिरला, बाहेर आला, चपला घातल्या आणि म्हणाला, ‘गोकू सुटीवर असेल.’

‘शिनचॅन’ आला तोवर मी कॉलेजात होते आणि कार्टे पोट्टे मला चालत नव्हते. पाच वर्षांचं ते पोरगं आईला काय वाटेल ते बोलतं, ढुंगण काढून नाचतं. मी नाक मुरडलं. परवा मुलीसोबत पुन्हा बघताना लक्षात आलं की माझी नजर त्या पोरावर नाहीच. मी त्याच्या आईकडे, मिसाएकडे बघत होते. सेलच्या गर्दीत घुसणारी, नवऱ्याला न सांगता चार पैसे बाजूला ठेवणारी, दुपारी जरा लवंडली की कोणीतरी हाक मारलेली. तिचं वय २९. मी लहानपणापासून ज्यांना काकू समजते त्या बायका माझ्यापेक्षा लहान निघायला लागल्यात, आणि याची पूर्वसूचना कोणी देत नाही.

पहिल्याच भेटीत मला चारीमुंड्या चीत केलं ते ‘डेथ नोट’नं. नोकरीला नुकती लागले होते, ऑफिसातल्या एकानं पेन ड्राइव्ह दिला. शाळेच्या आवारात आकाशातून एक काळी वही पडते आणि एका हुशार मुलाच्या हाती लागते. ज्याचा चेहरा ठाऊक आहे त्याचं नाव त्यात लिहायचं. कारण लिहिलं नाही तर चाळीस सेकंदांत हार्ट अटॅक. आणि ती वही खाली टाकणाऱ्या मृत्युदेवाचा हेतू काय? काही नाही. कंटाळा आला होता. आणि सफरचंदं आवडतात. असा रिकामटेकडा यमराज मी पहिल्यांदाच बघितला. रात्रभरात अकरा एपिसोड संपवले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या वहीत नाव लिहिताना पेन अडखळलं. यातला दुसरा हुशार मुलगा, एल, खुर्चीवर दोन्ही पाय वर घेऊन उकिडवा बसतो. सासूबाईंनी पुढे कधीतरी तो ओझरता बघितला आणि म्हणाल्या, ‘हा जेवाले बसला का संडासले?’ मालिका ३७ एपिसोडची आहे. पंचविसाव्यानंतरची मला सहन होत नाही. बोलण्यात गुंगवून टाकणारं स्थळ होतं ते. लग्न करायचं नसतं अशांशी.

सासूबाईंची ओळख आता करून द्यायलाच हवी. त्यांना इंग्रजी अक्षर येत नाही, जपानीचा तर प्रश्नच नाही. त्या हॉलमध्ये काहीतरी निवडत बसलेल्या असतात आणि पडद्याकडे चष्म्याच्या वरून बघतात. मला तीन एपिसोड लागतात, त्यांना तीन सेकंद.

‘अटॅक ऑन टायटन’ मी जेवताना लावली, ही माझीच चूक. पन्नास मीटर उंच भिंत, आत शंभर वर्षं निवांत राहणारी माणसं, आणि एक दिवस भिंतीच्या वरून एक तोंड डोकावतं. नुसते लाल स्नायू, ताणलेले. माझा घास हातातच. नायकाच्या आईचं पुढे काय होतं ते मी लिहीत नाही, पोळीवर वाईट परिणाम झाला एवढं सांगते. सासूबाईंनी शांतपणे ताक पिऊन विचारलं, ‘याची चामडी कुठं गेली वो?’ आता याला उत्तर काय द्यायचं! मी नकार कळवला. वर्षभरानं भाच्याच्या आग्रहाखातर पुन्हा लावली, रिकाम्या पोटी, आणि चार रात्री जागले.

‘वन पीस’ मात्र खरंच जमलं नाही. मुलगा वाईट नाही. पहिल्याच एपिसोडात लाकडी पिंपातून बाहेर पडतो, हात रबरासारखे ताणतात, सारखा खातो, सारखा हसतो. पण १९९९ पासून चाललेली ती मालिका अकराशे एपिसोडच्या पुढे गेलीय. मी हिशेब केला: न झोपता, न उठता बघितली तरी अठरा दिवस. हे स्थळ नाही, एकत्र कुटुंब आहे. भाचा चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

याउलट ‘काउबॉय बीबॉप’ला मी दहा मिनिटांत हो म्हटलं, आणि ते एका भाजीपायी. मालिका १९९८ची, काळ २०७१चा. दोन बाप्ये अवकाशयानातून फिरतात, गुन्हेगार पकडून बक्षिसाचे पैसे मिळवतात, म्हणजे बहुतेकदा मिळवत नाहीत. एक जण कढईत ढोबळी मिरची परततो आणि ‘ढोबळी मिरची आणि बीफ’ म्हणून पुढे ठेवतो. दुसरा चॉपस्टिकनं ढवळून बघतो. बीफ नाही. नुसती मिरची. तो म्हणतो, बीफ नसेल तर याला बीफ कसं म्हणायचं? पहिला म्हणतो, पैसे नसले की म्हणायचं. यान, मंगळ, पिस्तुलं हे सगळं बाजूला राहिलं. माझ्या डोळ्यांपुढे कॉलेजातली आमची चौकडी उभी राहिली: महिनाअखेर, सावजीचं हॉटेल, चौघांत मिळून एक मटण प्लेट, आणि ‘भौ, रस्सा जरा जास्त टाका’ असं तीनदा मागून पोळ्या त्यात बुडवून खाणारे आम्ही. फोड कोणाला मिळाली यावरून भांडण. घाम, नाकातून पाणी, आणि तरी ‘मटण खाल्लं’ असंच घरी सांगायचं. सासूबाईंनी कढई बघून एवढंच म्हटलं, ‘तेल कमी हाय.’ सावजीच्या मापानं होतंच.

आमच्या घरात आणखी एक परीक्षक आहेत. पहिल्या एपिसोडचं शीर्षकगीत संपेपर्यंत हे जागे असतात. त्यामुळे त्यांच्या मते सगळ्या मालिका उत्तम आहेत.

‘फ्रीरन’ २०२३च्या शेवटी आली आणि जो तो तिचं कौतुक करायला लागला. मी लावली आणि मीही झोपले. हे मी मान्य करते. सगळ्या गोष्टी जिथे संपतात तिथून ही सुरू होते: राक्षसांचा राजा मेलाय, दहा वर्षांची मोहीम आटोपून चौघं घरी परततात. मिरवणूक होते. संपलं! मग बघायचं काय? त्यातली फ्रीरन हजार वर्षांहून अधिक जगलेली, त्यामुळे तिला कशाचीच घाई नाही. मला होती.

या मे महिन्यात एका दुपारी दुसरं काही नव्हतं म्हणून पुन्हा लावली. सासूबाई पलीकडे सुपात गहू निवडत बसल्या होत्या. कूलरचं गवत नुकतं बदललेलं, त्याचा ओला वास. ‘हे काय हाय आता?’ म्हणाल्या. मी ओरडून ओरडून सांगायला लागले. म्हटलं, चौघांनी आकाशातून पडणारे तारे बघितले, पन्नास वर्षांतून एकदा पडतात. ही फ्रीरन म्हणाली, पुढच्या वेळी याहून चांगली जागा दाखवते. आणि गेली निघून. पन्नास वर्षांनी आली, तिला काय, काल गेल्यासारखं. तिनं एका ड्रॅगनचं शिंग चौघांतल्या हिमेलकडे ठेवायला दिलं होतं, तेही त्यानं कपाटात जपून ठेवलंय.

‘पन्नास वर्षं?’ सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. ‘तुझ्या सासऱ्याले मी घेऊन देल्ली छत्री आठ दिवस नाही टिकली.’

पडद्यावर हिमेल आला. मोहिमेतला देखणा, निळ्या केसांचा तो तरुण आता बुटका झालेला, पांढरी दाढी छातीवर, डोक्यावर एक केस नाही. सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले, त्यांच्याही डोक्यावर शेवटी काही उरलं नव्हतं. आंघोळीनंतर तरी खिशातल्या कंगव्यानं उगाच मागून पुढे फिरवायचे.

‘आता बरा दिसते,’ त्या म्हणाल्या. ‘आधी नुसता पोट्टा दिसत होता.’

चौघांनी मिळून पुन्हा तारे बघितले. मग तो गेला. सगळा गाव जमला, माती पडायला लागली, आणि फ्रीरन उभी होती ती कोरड्या डोळ्यांनी. लोक कुजबुजतात, रडत कशी नाही ही. आणि मग ती रडायला लागते. मी सांगितलं, ती म्हणते, दहाच वर्षं सोबत होते, माणसं थोडं जगतात हे ठाऊक होतं, मग मी त्याला नीट जाणून का नाही घेतलं.

सासूबाईंचा हात गव्हात तसाच राहिला होता.

‘कूलर बंद कर वो थोडा.’

‘काय झालं? गार लागतंय?’

‘थे काय म्हणून राह्यली, ऐकू येऊन नाही राह्यलं.’

मी उठून कूलर बंद केला आणि एपिसोड दोन मिनिटं मागे घेतला.