सोसायटीच्या संगणकावर लिनक्स

आमच्या सोसायटीचं ऑफिस म्हणजे ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या इमारतीत जिन्याखालची, मीटररूमला चिकटलेली खोली. एक लोखंडी कपाट, एक टेबल, तीन खुर्च्या आणि २०१४ साली असेंबल करून घेतलेला संगणक. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. बटण दाबून वर घरी जावं, चहा करून प्यावा आणि खाली यावं, तेव्हा कुठे विंडोज १० नीट उघडलेलं असायचं. बँकेतून निवृत्त झाल्यावर सचिवपद माझ्या गळ्यात पडलं, त्याबरोबर हा संगणकही.

सप्टेंबर २०२५ मधल्या वार्षिक सभेत त्याचा विषय निघाला. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चे अपडेट थांबणार होते. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा. आमचं यंत्र दारातच अडलं. ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ मिळत होती, पण म्हणजे पुढच्या सभेत पुन्हा हाच विषय. नवीन संगणक घ्यावा तर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन नुकतंच वाचून झालेलं. "नोटिसा छापायला नवा संगणक कशाला?" असं एका सभासदांनी विचारलं आणि "सचिवांनी योग्य तो मार्ग काढावा" असा ठराव झाला. सोसायटीच्या भाषेत याचा अर्थ काय, ते ज्यांनी पद भूषवलंय त्यांना सांगायला नको.

मार्ग तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने सुचवला. "काकू, लिनक्स टाकू या. मी आर्च बसवून देतो, एकदम हलकं."

मी घरी येऊन वाचलं. लिनक्स ही विंडोजच्या जागी बसवता येणारी फुकट प्रणाली, तिचे वेगवेगळे प्रकार म्हणजे 'डिस्ट्रो', आणि आर्च हा त्यातला एक. त्यात 'आवृत्ती' असा प्रकारच नाही, अपडेट सतत वाहत येतात, आणि काय बसवायचं ते बहुतेक आपणच ठरवायचं. ज्याला हौस आहे त्याच्यासाठी छानच. मी त्याला विचारलं, "तू नोकरीला बंगळुरूला गेलास आणि हे रुसलं, तर मी कुणाचं दार वाजवू?" तो हसला, पण उत्तर काही देईना.

त्या हसण्यातून माझी कसोटी ठरली. माझ्यानंतर जो कोणी या खुर्चीवर बसेल, त्याला मला फोन न करता थकबाकीची नोटीस छापता आली पाहिजे. आमच्या कायद्यानुसार व्यवस्थापक समितीची मुदत पाच वर्षांची. उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोच्या एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, आवृत्तीलाही पाच वर्षं अपडेट मिळतात, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं. फेडोरा या आणखी एका डिस्ट्रोची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि जुनी वर्षभराच्या थोडं पुढे चालते, म्हणजे दरवर्षी एकदा तरी कुणीतरी लक्ष घालायचं. आमच्याकडे टाकी धुण्याची तारीखसुद्धा आठवण केल्याशिवाय पाळली जात नाही.

तरी निवड कागदावर केली नाही. त्या मुलाने एका पेनड्राइव्हवर व्हेंटॉय टाकून दिलं. त्यात आयएसओ फाइली, म्हणजे डिस्ट्रोच्या अख्ख्या प्रती, नुसत्या कॉपी करायच्या आणि संगणक सुरू करताना यादीतून हवी ती निवडायची. हार्ड डिस्कला हात न लावता प्रत्येक डिस्ट्रो चालवून बघता येते. तीन फाइली घेतल्या: उबुंटू २४.०४, फेडोरा आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. परीक्षक म्हणून खजिनदार काकांना बोलावलं. वय ७४, आयुष्य हिशेबात गेलेलं, संगणकाचं कौतुक शून्य. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि एवढंच म्हटलं, "काका, पेनड्राइव्हमधली बिलांची फाइल उघडा."

फेडोरात त्यांनी माउस सवयीने खाली डाव्या कोपऱ्यात नेला. तिथे काहीच नाही. कशीबशी फाइल उघडली, तर खिडकी खाली सारायचं बटण दिसेना, फक्त बंद करायचं. "हे काय, घर आहे आणि ओटा नाही," काका म्हणाले. उबुंटूत कोपऱ्यात बटण होतं, ते दाबल्यावर अख्खा पडदा चित्रांनी भरून गेला आणि ते मागे सरकले. मिंटमध्ये डाव्या कोपऱ्यात मेनू, त्यात फाइली, खाली पट्टी. काका एक अक्षर न बोलता फाइल उघडून बेरीज तपासायला लागले. मी मिंटपुढे 'पास' अशी खूण केली. मिंट २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वरच उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, त्यामुळे पाच नाही तरी साडेतीन वर्षांची निश्चिंती होती.

बसवायच्या आधी एकदा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेले. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत. हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, तिच्यापेक्षा वेगवान अशी २४० जीबीची एसएसडी आणि डीडीआर-थ्री रॅमची ४ जीबीची जुनी पट्टी आणली. खरं सांगायचं तर संगणकाचा वेग वाढला त्यात लिनक्सचा वाटा असेल, पण मोठा वाटा त्या एसएसडीचा आहे. जुनी हार्ड डिस्क काढून, वर तारीख लिहून, कपाटात आय आणि जे नमुन्याच्या, म्हणजे सभासदांच्या नोंदींच्या, रजिस्टरांशेजारी ठेवली. काही बिघडलं तर परत लावता येईल म्हणून.

बसवायला अर्धा तास लागला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. खरी गोष्ट पुढे सुरू झाली.

गुरुवारी संध्याकाळी निरोप आला की उद्या दिवसभर पाणी बंद. नोटीस टाइप केली, प्रिंट दिली. यादीत प्रिंटर दिसतोय, काम 'पूर्ण' म्हणतंय आणि कागद जागचा हलत नाही. मग नोटीस मार्करने लिहून फळ्यावर लावली. कारण नंतर कळलं: आमच्या त्या जुन्या लेझर प्रिंटरच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, टिकतच नाही. प्रत्येक वेळी सुरू केल्यावर संगणकाने त्याला ते भरवायचं असतं. विंडोजमध्ये हे काम ड्रायव्हर गुपचूप करत होता. इथे कंपनीचं एक वेगळं प्लगिन इंटरनेटवरून उतरवून घ्यावं लागलं. त्यानंतर तो एकदाही अडला नाही. पेनड्राइव्हवरून चालवून बघत होतो तेव्हाच एक पान छापून पाहिलं असतं तर तो मार्कर लागला नसता.

हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं. ते वाइनमध्ये, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवण्यात मी दोन रविवार घातले. उघडलं, नोंदीही झाल्या, पण पावतीच्या छपाईला दर वेळी बंद पडायचं. ते दोन रविवार घालवायला नको होते. आमचे हिशेबनीस तसेही स्वतःच्या लॅपटॉपवर काम करतात. आता ते बिलांच्या पीडीएफ पाठवतात आणि इथे फक्त छपाई होते.

सगळ्यात जास्त झोप उडवली ती फॉन्टने. आधीच्या सचिवांनी दहा वर्षं सगळ्या नोटिसा एका जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या. असे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं ठेवतात, आत मजकूर इंग्रजीच. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा. नशीब, हे मला विंडोज काढण्याआधी लक्षात आलं. म्हणून आधी सगळ्या फाइलींच्या पीडीएफ करून घेतल्या. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, त्यामुळे जुनं रेकॉर्ड कुठेही वाचता येतं.

पण नेहमीचे नमुने तर बदलता यायला हवेत. ते युनिकोडमध्ये नेण्यासाठी कन्व्हर्टर वापरला, तर 'वार्षिक'चं 'वाषिर्क' आणि 'आर्थिक'चं 'आथिर्क'. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने ठेवलेली असतात: आधी ऱ्हस्व वेलांटी, मग 'ष', मग रफार. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम: आधी रफाराचा 'र', मग 'ष', मग वेलांटी. कन्व्हर्टरने वेलांटी योग्य जागी नेली, रफार होता तिथेच सोडला, आणि तो पुढच्या 'क'च्या डोक्यावर जाऊन बसला. 'तिसऱ्या मजल्यावरील'चं 'तिसर्या मजल्यावरील' झालं होतं ते वेगळंच. शेवटी एनओसी, थकबाकी, सभेची नोटीस असे अकरा नमुने मीच पुन्हा टाइप केले. बँकेत इनस्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्डची मांडणी शिकले होते, ते इतक्या वर्षांनी उपयोगी पडलं. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठीची मांडणी जोडली की झालं. ज्यांना इंग्रजी स्पेलिंगवरून टाइप करायचंय त्यांच्यासाठी आयबस आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाकून ठेवलंय. अध्यक्ष तेच वापरतात.

पहिली छापील नोटीस फळ्यावर लागली त्या संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचे गुरुजी खाली आले. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, ८० च्या पुढचे. चष्मा कपाळावर सरकवून, नाक कागदाला लावून वाचलं आणि म्हणाले, "बाई, हा 'ल' आपला नाही."

मी पाहिलं. खरंच, उजवीकडे सरळ उभा दांडा असलेला, हिंदीतला. मी म्हटलं, "फॉन्टच तसा असेल, गुरुजी." पण मनात राहिलं. दुसऱ्या दिवशी लिबरऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखं फुकट सॉफ्टवेअर) तीच फाइल उघडून बघत होते, तर तळच्या पट्टीवर भाषा 'हिंदी' लिहिलेली. सगळा मजकूर निवडला, 'मराठी' केली. एकही अक्षर न बदलता, फॉन्ट तोच असताना, पानावरचे सगळे 'ल' एकदम पाकळ्यांचे झाले. नोटो देवनागरी या आमच्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात. मजकूर मराठी आहे एवढं सांगितलं की तो आपलं रूप काढतो. मी ते दोनदा हिंदी, दोनदा मराठी करून पाहिलं, खोटं कशाला सांगू.

नवा कागद लावला आणि गुरुजींना मुद्दाम हाक मारून दाखवला. त्यांनी पुन्हा चष्मा वर केला, सगळं वाचलं, 'ल'वर बोट ठेवून मान डोलावली आणि म्हणाले, "छान. आता ते 'सहकार्य करावे ही विनंति' आहे ना, त्यातली वेलांटी दीर्घ करा."