रात्रभर मशीन कोणाचं चालू?

व्हॉट्सअॅपवर टाकलेला ट्रेकचा फोटो समोर पोचेपर्यंत निम्मा होतो. 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं कितीही सांगा, कोणी ऐकत नाही. गूगल ड्राइव्हचे फुकटचे १५ जीबी मेलनेच खाल्लेले. मग ग्रुपमधल्या कोणाला तरी स्फुरण चढतं: मधला दलाल हवाच कशाला? माझ्या मशीनवरून थेट तुझ्या मशीनवर!

हौस जुनीच आहे. विनॅम्प हा गाणी वाजवणारा प्लेअर बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलने २००३ साली 'वेस्ट' नावाचं चिमुकलं सॉफ्टवेअर काढलं होतं. पाचपन्नास ओळखीच्यांचं बंद जाळं, एकमेकांच्या डिजिटल किल्ल्या घेतल्याशिवाय आत प्रवेश नाही. त्याच्या कंपनीची मालक असलेल्या एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने ते लगोलग मागे घेतलं, पण प्रती तोवर पसरल्या होत्या. आपल्याकडे आयआयटीच्या हॉस्टेलांत डीसी++ हे फाइल वाटायचं सॉफ्टवेअर चालायचं. त्याच्या हबवर, म्हणजे सगळे जिथे जोडले जातात त्या अड्ड्यावर, शिरायचं तर आधी स्वतःचे ठरावीक जीबी शेअर करायचे, हा सर्रास नियम. फुकट्यांवर इतका रोखठोक इलाज मला दुसरा माहीत नाही.

आज मी मित्रांना सिंकथिंग सुचवतो: एकच फोल्डर सगळ्यांच्या मशीनवर सारखं ठेवणारं सॉफ्टवेअर. मोफत आहे, आणि कुणा कंपनीच्या सर्व्हरवर फाइल साठत नाही. प्रत्येक मशीनला सात-सात अक्षरांच्या आठ गटांचा आयडी. तो एकमेकांना पाठवायचा, दोन्हीकडून होकार द्यायचा, झालं. पण आयफोनवाल्यासाठी अधिकृत अॅप नाही, आणि अँड्रॉइडचं अधिकृत अॅपही २०२४च्या अखेरीस थांबलं. आता इतरांनी चालवलेली आवृत्ती घ्यावी लागते. इथेच अर्धा ग्रुप 'बघतो रे' म्हणून गळतो.

उरलेल्यांना एक गोष्ट बजावून सांगायची. फोन भरला म्हणून एकाने फोल्डरमधले फोटो उडवले, की ते सगळ्यांकडून उडतात. तेव्हा निदान एका मशीनवर जुन्या प्रती राखायची सोय, म्हणजे व्हर्जनिंग, चालू हवीच.

खरी गोची पुढेच. पाठवणारा आणि घेणारा, दोघांची मशीनं एकाच वेळी जागी लागतात. पुण्याचा मित्र रात्री लॅपटॉप मिटतो, तेव्हा न्यूजर्सीचा ऑफिसात असतो. म्हणून एकाने आपल्या घरी जुना डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवायचा. रास्पबेरी पायचं वीजबिल किरकोळ येतं, आणि ग्रुपमध्ये भाव वाढतो तो वेगळाच. फक्त त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे ना, हे आधी विचारून घ्यावं.