तुम्ही विचारलंत म्हणून: अल्बर्टात नोकरी, मग लसीचा नियम कोणाचा?

"अल्बर्टाने लस नाकारायचा हक्क देणारा कायदा केलाय ना, मग कंपनी लसीचा दाखला कसा मागते?" कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, कॅलगरीत नोकरी लागलेली मराठी मंडळी हे हमखास विचारतात. त्यावर आमचा उलट प्रश्न: कंपनी करते काय?

भारतात कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करतात. ती सवय कॅनडात नडते. तिथे १९२५ च्या स्नायडर खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधलं, तेव्हाचं कॅनडाचं शेवटचं अपील न्यायालय) कामगार-संबंध 'मालमत्ता व नागरी हक्क' या सदरात, म्हणजे प्रांतांच्या पदरात टाकले. केंद्राकडे राहिल्या बँका, विमान कंपन्या, दूरसंचार, प्रांताची हद्द ओलांडणारी रेल्वे आणि ट्रक. म्हणून विमानतळावर एअरलाइनच्या काउंटरवर बसणारी मुलगी केंद्राच्या कामगार संहितेखाली येते, तर पलीकडे कॉफी विकणारा मुलगा प्रांताच्या कायद्याखाली. पत्ता एक, सरकारं दोन.

आता तो कायदा. २०२४ मध्ये अल्बर्टाने आपल्या हक्कांच्या सनदेत लस नाकारण्याचा हक्क घातला खरा, पण ती सनद प्रांत सरकारच्या कारभाराला बांधते. खासगी मालकाला नाही, आणि बँकेला तर नाहीच. देशाच्या चार्टरचंही, म्हणजे राज्यघटनेतल्या हक्कांच्या सनदेचंही, तेच: कलम ३२ प्रमाणे तो सरकारांना लागू. खासगी कंपनीला चार्टरचा हवाला देऊन लिहिलेलं पत्र वाया जातं.

मग खासगी नोकरीत निकाल कशावर लागतो? युनियन असेल तर १९६५ ची, त्या नावाच्या कंपनीच्या वादातून आलेली 'केव्हीपी' कसोटी: नियम कंपनी-युनियन कराराशी सुसंगत हवा, वाजवी हवा, स्पष्ट हवा, आधी कळवलेला हवा, मोडल्यास नोकरी जाऊ शकते हे सांगितलेलं हवं आणि सगळ्यांना सारखा लावलेला हवा. खरी झुंज 'वाजवी'वर होते. कोविडच्या काळात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, ओंटारियो प्रांतात दोन दिवसांच्या अंतराने लवादांचे दोन उलटे निवाडे आले. पॅरागॉन या सुरक्षा कंपनीचे रक्षक ग्राहकांच्या जागी जाऊन काम करत आणि त्यांच्या करारात लसीचं कलम आधीपासून होतं, तिथे सक्ती टिकली. वीजसुरक्षा पाहणाऱ्या इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑथॉरिटीत बरेच जण घरूनच काम करत होते आणि 'लस किंवा चाचणी' हा जुना नियम नीट चालला होता, तिथे लस नाही म्हणून कामावरून काढणं अवाजवी ठरलं. युनियनवाल्यांनी तक्रार युनियनमार्फतच, करारातल्या मुदतीत करावी. थेट कोर्टात गेलं तर बहुधा दारातूनच परत पाठवतात.

युनियन नसेल तर वाट अवघड. ब्रिटिश कोलंबियाच्या उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, परमार खटल्यात, लस न घेणाऱ्या कर्मचाऱ्याला बिनपगारी रजेवर पाठवणं म्हणजे अप्रत्यक्ष बडतर्फी (तोंडाने न काढताही काढल्यासारखं वागणं) नव्हे, असं ठरवलं.

आणि बेकारभत्ता? नोकरी प्रांताच्या कायद्याखालची असली तरी तो केंद्राचा. कंपनीचा नियम योग्य होता का, हे तिथे पाहतच नाहीत; नियम माहीत असून मोडला, एवढ्यावर 'गैरवर्तन' ठरतं आणि भत्ता जातो. फेरविचाराचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो.