हायबरनेट आणि गुळाचं "१२-४५" वजन

कोल्हापुरात मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानाचं जुनं सॉफ्टवेअर जावावर आणायचं काम चाललंय, डेटाबेसच्या ओळी जावाच्या ऑब्जेक्टना जोडायला हायबरनेट ही लायब्ररी घेतलीय. डेटाबेसमधल्या टेबलाला हात लावायचा नाही ही पहिलीच अट, कारण शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, अजून जुन्या प्रोग्रॅममधनंच निघते. आणि वजनाचा कॉलम बघितला तर व्हारकॅर, म्हणजे नुसता मजकूर, आत "१२-४५", म्हणजे १२ क्विंटल ४५ किलो!

नेटवर सगळीकडं युजरटाइप, म्हणजे हायबरनेटला आपला डेटाप्रकार शिकवणारा क्लास, लिहा म्हणतात, त्यात निम्मे नमुने तो प्रकार नोंदवणाऱ्या टाइपडेफवाले, जे हायबरनेट ६ मध्ये काढूनच टाकलंय. एका कॉलमसाठी एवढं कशाला, जेपीए (जावाचं डेटाबेस जोडणीचं मानक) २.१ पासून अॅट्रिब्यूट कन्व्हर्टर आहे की, दोनच मेथड, एक डेटाबेसकडं जाताना आणि एक येताना, वर ऑटोअप्लाय ट्रू केलं की जिथं जिथं वजन टाइप आहे तिथं आपोआप लागतो. फक्त नलचं तेवढं दोन्हीकडं बघायचं, जुन्या नोंदीत रिकामी वजनं लई निघतात.

खरी गंमत लॉगमध्ये दिसली. नुसती आवकेची यादी उघडली तरी खाली धडाधड अपडेट क्वेऱ्या, कुणी काही बदललेलं नसताना! त्याचं असं आहे, हायबरनेट ओळ वाचताना मूळ मूल्याची एक प्रत ठेवतं, ती प्रत कन्व्हर्टरमधनंच परत फिरवून बनवतं, आणि फ्लशच्या वेळी, म्हणजे बदल डेटाबेसला पाठवताना, इक्वल्स लावून ताडून बघतं. आमच्या वजन क्लासला इक्वल्सच नव्हतं, मग दोन ऑब्जेक्ट वेगळे म्हणजे ओळ बदलली, टाक अपडेट. क्लासचं रेकॉर्ड (जावातला नुसता डेटा ठेवणारा क्लास) केलं, इक्वल्स आणि हॅशकोड फुकट मिळाले, लॉग गप्प.

पण कन्व्हर्टर लावला म्हणून डेटाबेसला वजन कळत नाही हां. ऑर्डर बाय केलं की "१२-४५" आधी आणि "९-८०" नंतर, कारण तिथं अक्षरंच लागतात, आणि बेरीज तर सोडाच. त्यासाठी किलोत आकडा काढून देणारा व्ह्यू (डेटाबेसात साठवलेली क्वेरी) केला, त्याला जोडलेला वेगळा क्लास, म्हणजे एन्टिटी, वर फक्त वाचण्यासाठी म्हणून इम्युटेबल लावून, रिपोर्ट सगळे तिथनं. एका टेबलात क्विंटल आणि किलो दोन कॉलमात आहेत, तिथं कन्व्हर्टर चालत नाही, त्याला एकच कॉलम लागतो, तिथं एम्बेडेबल, म्हणजे अनेक कॉलम एका ऑब्जेक्टात बांधणारा क्लास, केलं.

दराचा कॉलम अजून राहिलाय, त्यात काही ठिकाणी आकड्यामागं "/-" पण आहे.