फ्यूनच्या दक्षिणेला, शिडाच्या बोटीतून

डेन्मार्कच्या छोट्या बंदरात शिरताना सगळ्यात आधी धक्क्यावरच्या पाट्या बघायच्या. बोट बांधायच्या प्रत्येक जागेपुढे एक लहानशी पाटी असते. ती लाल असेल, तर त्या जागेचा मालक रात्री परत येणार. हिरवी असेल, तर तो लांब गेलाय, तुम्ही खुशाल बोट बांधा. पाटी फिरवायचं काम मालक निघताना स्वतःच करतो. रात्रीचं भाडं यंत्रात भरायचं, पावतीचा स्टिकर बोटीच्या पुढच्या कठड्याला चिकटवायचा, झालं. मला हा देश मनापासून आवडायला लागला तो या पाट्या पाहून.

आम्ही दोघं फ्यून बेटावरच्या ओडेन्स शहरात राहतो आणि आमची जुनी, २८ फुटी शिडाची बोट स्वेनबोरला असते. तिथून खाली बाल्टिक समुद्राच्या तोंडाशी लहान-मोठ्या बेटांचा पुंजका आहे. जुलैत रात्री दहालाही उजेड असतो. माझं माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे समुद्र म्हटला की भरती-ओहोटी आलीच असं मी धरून चालायचे. इथे ती जेमतेम असते. पाण्याची पातळी ठरवतो वारा. पश्चिमेचा वारा जोरात सुटला की पाणी बाल्टिकमध्ये ढकललं जातं आणि बंदरं उथळ होतात. पूर्वेचा सुटला की पाणी चढतं. ऑक्टोबर २०२३च्या पूर्वेच्या वादळात इथल्या कितीतरी बंदरांचे धक्के पाण्याखाली गेले होते.

यंदा निघालो आणि स्वेनबोरच्या खाडीतला मोठा पूल मागे पडतोय तोच इंजिनाचा अलार्म वाजला. समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपात रबरी पात्यांचं एक चाक असतं, इम्पेलर. त्याची पाती तुटली होती. खाडीत प्रवाह जोराचा, त्यात फेरीबोटींची ये-जा. नवऱ्याने इंजिन बंद केलं, मी पुढचं शीड उघडलं. नशिबाने वारा पाठीमागून होता. तसेच हळूहळू ड्रायो बेटापर्यंत पोचलो आणि बंदराबाहेर नांगर टाकला.

शेजारी एका लाकडी बोटीवर एक वयस्कर जोडपं होतं. आम्ही हाक मारायच्या आत आजोबा रबरी होडी वल्हवत आले. त्यांच्या डब्यात निरनिराळ्या मापांचे इम्पेलर होते आणि एक आमच्या पंपाला बसला. खरा वेळ गेला तो तुटलेल्या पात्यांचे तुकडे नळीतून शोधून काढण्यात, कारण एखादा जरी आत राहिला तरी पाणी पुन्हा अडतं. आजोबा चिमटा घेऊन पोटावर आडवे, नवरा टॉर्च धरून. पैसे घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. सकाळी मी कांदेपोहे केले आणि दोघांना बोलावलं. आजींनी मोहरी-हळदीची फोडणी कशी करायची ते विचारून लिहून घेतलं.

ओडेन्सला जिन्यात भेटणारा शेजारी नमस्कारापुढे चार शब्द बोलत नाही, आणि धक्क्यावर मात्र ही माणसं अशी. एरो बेटावरच्या एरोस्क्योबिंग बंदरात शिरताना पुन्हा तेच. इथे बोटीचं नाक धक्क्याकडे असतं आणि मागचं टोक दोन खांबांच्या मध्ये बांधतात. आम्ही खांबांमध्ये शिरतोय तोच बाजूने वाऱ्याचा झोत आला आणि बोट आडवी फिरली. आजूबाजूच्या बोटींवरची माणसं जेवणं टाकून धावली. कुणी दोरी पकडली, कुणी पायाने बोट दूर लोटली. पुढे सोसाट्याचा वारा थांबेपर्यंत तिथेच अडकलो, पण अडकायला याहून चांगलं गाव मिळणार नाही. दगडी गल्ल्या, रंगीत बुटकी घरं, भिंतींना टेकलेली उंच हॉलीहॉक्सची फुलं. बंदराजवळच्या धुरीखान्यातला, धुरावर शिजवलेला गरम बांगडा आम्ही हाताने खाल्ला, आणि मला कोकमाच्या आमटीची फार आठवण झाली.

तिथून पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोयांमधून, अरुंद आणि उथळ वाटेने मार्स्टालला गेलो. एकेकाळी जहाजांसाठी नावाजलेलं हे गाव. बंदरापुढचा लांबलचक दगडी बांध गावकऱ्यांनी स्वतः रचलाय. १८२५ साली काम सुरू झालं. हिवाळ्यात जहाजं बंदरात उभी असत, तेव्हा खलाशी दगड वाहून आणत. आमची बोट त्याच बांधाच्या आडोशाला होती. बाहेर लाटा फुटत होत्या आणि आत चहाचा कप हलत नव्हता. मी त्या दगडांकडे कितीतरी वेळ बघत बसले होते.

इकडे येणार असाल तर बोट हवीच असं नाही. स्वेनबोरहून एरोस्क्योबिंगला फेरीबोट सव्वा तासात पोचवते आणि एरो बेटावरच्या बस फुकट आहेत. संध्याकाळी बंदरावर नक्की जा. एखादी बोट आत येताना दिसली तर पुढे होऊन हात करा, दोरी तुमच्याकडेच फेकतील.