तांदळात लिहिलेलं नाव

'तुम्ही स्वतःला स्त्रीवादी म्हणवता, मग तुम्हाला देरिदा कसा चालतो?' देरिदा, म्हणजे शब्दांचे ठाम अर्थ उसवून दाखवणारा फ्रेंच तत्त्वज्ञ. एम.ए.च्या वर्गात दरवर्षी कोणीतरी हे विचारतंच. परवा एका मैत्रिणीनंही विचारलं, तेही जरा रागानंच. तिनं विचारलं म्हणून लिहिते, नाहीतर हा हिशेब मी टाळतच आले आहे.

आधी माझी तक्रार. १९७२ साली फ्रान्समध्ये सेरिझीला नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञावर परिसंवाद भरला होता. देरिदाच्या भाषणाचा विषय होता शैलीचा प्रश्न. हा उभा राहिला आणि म्हणाला, माझा विषय असेल बाई. 'एपरों' या नावानं पुढे १९७८ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्यात तो म्हणतो की बाईचं असं काही सार नसतं. 'बायकांची जातच तशी' हे ऐकत मोठी झालेली मी, तिथे टाळ्याच वाजवल्या असत्या. पण थोडं पुढे गेलं की नीत्शेच्या तोंडून (की स्वतःच्या? हे कळू न देण्याची त्याची हातोटी दांडगी आहे) स्त्रीवादी बाई म्हणजे पुरुष व्हायला निघालेली बाई ठरते. तिलाही म्हणे तत्त्ववेत्त्यांसारखं सत्य हवं, वस्तुनिष्ठता हवी. शेवटी तो रमतो तो नीत्शेच्या कागदांत सापडलेल्या एका सुट्या ओळीत: 'मी माझी छत्री विसरलो.' छत्री सापडली, पण हाडामांसाची बाई काही मला त्या पुस्तकात भेटली नाही.

फ्रान्समधल्या बायकांना मताचा हक्क मिळाला १९४४ मध्ये. नवऱ्याला न विचारता बँकेत खातं उघडता येऊ लागलं १९६५च्या कायद्यानं, म्हणजे सेरिझीच्या जेमतेम सात वर्षं आधी. 'मी' म्हणायची मुभा कालपरवा मिळालेली, आणि लगेच कोणीतरी सांगायला येतो की 'मी' हाच मुळात भास आहे! स्त्रीवादी तत्त्वज्ञ रोझी ब्रायडोटी यांनी हे नेमकं पकडलं आहे: जे कर्तेपण कधी पुरतं मिळालंच नाही, त्याची विरचना, म्हणजे देरिदाची ती उसवणूक, करायची कशी?

मग सोडून का देत नाही? याचं उत्तर माझ्या आईच्या केवायसीत आहे.

आईच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून वडिलांनी अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. ताट हललं, अक्षरं गेली. नाव मात्र रेशनकार्डावर जाऊन बसलं. शाळेच्या दाखल्यावर जुनं, बाकी सगळीकडे नवं. पंच्याहत्तरीला आलेल्या आईला बँकेतला मुलगा अगदी अदबीनं विचारतो, 'आजी, या दोन्ही बायका एकच कशावरून?' मला त्या क्षणी देरिदा आठवला, काय करू! नावामागे माणूस ठाम उभा असतो आणि कागद नुसती त्याची नोंद करतो, असं आपण धरून चालतो. तो म्हणतो, सही चालते ती पुन्हा गिरवता येते म्हणून. मागे कोण उभं आहे, याची हमी ती देत नाही. 'डिफेरांस' ही त्याची अख्खी संज्ञा 'फरक' या अर्थाच्या फ्रेंच शब्दातल्या एका अक्षराच्या बदलावर उभी आहे, लिहिलं तर दिसणाऱ्या, बोललं तर ऐकू न येणाऱ्या.

आईला यातलं काही नको होतं. 'कुठलं तरी एक नाव धर आणि खातं चालू कर.'

नावावरचा देरिदाचा संशय आणि आईची एका नावाची निकड, या दोन्ही गोष्टी एकदम सांभाळल्या त्या समीक्षक गायत्री स्पिवाक यांनी. (देरिदाला अरेतुरे आणि स्पिवाकना अहोजाहो, हे माझं मलाच आत्ता लिहिताना दिसलं. राहू दे.) १९७६ मध्ये त्यांनी त्याचा मुख्य ग्रंथ इंग्रजीत आणला. त्याच स्पिवाक १९८३ मध्ये विचारतात की तत्त्वज्ञाच्या अडचणीला बाईचं रूपक का पुरवायचं? सार नाही हे माहीत असूनही, कामापुरतं, डोळे उघडे ठेवून 'आम्ही बायका' म्हणायचं, ही त्यांची तोड. पुढे त्याचं घोषवाक्य झालं, तेव्हा त्या स्वतःच त्यापासून दूर झाल्या.

वर्गात खरी गंमत होते ती शब्दापाशी. 'लिंगभेद' म्हटलं की मराठी कानाला अन्याय ऐकू येतो. फ्रान्समधल्या स्त्रीवादी तत्त्वज्ञ इरिगारे यांना मात्र हा भेद हवा आहे: आजवर एकच लिंग बोलत आलं, दुसरं अजून बोललेलंच नाही, तर आधी दोन होऊ द्या. देरिदा १९८२च्या एका मुलाखतीत दोनाच्याही पलीकडच्या, मोजता न येणाऱ्या लिंगांचं स्वप्न बघतो, नाचाच्या भाषेत. बायकांच्या रोजच्या लढ्याशी या नाचाचा ताल जुळवणं अवघड आहे, हेही तिथे तो कबूल करतो, म्हणून माझा राग अर्धा उतरतो. उरलेला अर्धा समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगेंनी शिल्लक ठेवला. १९९८च्या लेखात त्यांनी दाखवलं की 'भिन्नता, भिन्नता' म्हणत दलित बायकांचे प्रश्न दलित बायकांवरच सोपवून मोकळं होता येतं. हे वाचताना मान खाली गेली होती. मीही तेच करत आले होते.

केवायसीसाठी शेवटी प्रतिज्ञापत्र करावं लागलं, दोन्ही नावांच्या सह्यांचं. नवं नाव आईनं झरझर लिहिलं. जुन्यापाशी पेन थांबलं. बराच वेळ कागदाकडे बघून तिनं हळूच विचारलं, 'शेवटची वेलांटी पहिली की दुसरी गं?'