आर्ट द गेल्डर अभ्यास: एस्तेरच्या बाहीचा जाड थर

बाहीवरचा जाड थर एकदाचा लागला. मूळ चित्र डच चित्रकार आर्ट द गेल्डरचं 'एस्तेर आणि मर्दखय' (बायबलमधली राणी आणि तिचा नातलग), १६८५ सालचं, बुडापेस्टच्या ललित कला संग्रहालयातलं. त्याची नक्कल करत शिकतोय.

खाली बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा पातळ थर पूर्ण वाळू दिला होता. त्यावर यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि पांढरा पॅलेट नाइफने, म्हणजे रंग थापायच्या बोथट पात्याने, थापला. टायटॅनियम व्हाइट आधी कागदावर काढून त्यातलं तेल शोषू दिलं, त्यामुळे रंग घट्ट झाला. मग ब्रशच्या दांडीच्या टोकाने ओल्या रंगात जरीकाम ओरखडलं. रेघ खाली अंबरपर्यंत जाते आणि दोन्ही कडांना रंगाची बारीक वरंबी उभी राहते. दिवा बाजूला धरला की तीच वरंबी सोन्याच्या तारेसारखी चमकते! थर जरा आवळल्यावर ओरखडलं तर कडा ढासळत नाहीत.

ही गेल्डरचीच रीत. तो नाइफ, अंगठा, बोटं सगळं वापरायचा आणि झालर किंवा भरतकाम काढताना ब्रशची दांडी ओढायचा, असं त्याच्याच डोर्ड्रेख्ट गावच्या हाउब्राकेन या चित्रकार-चरित्रकाराने लिहून ठेवलंय.

गेल्डर (१६४५–१७२७) आधी सॅम्युएल फान होख्स्ट्राटेनकडे शिकला, मग १६६१ च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅमला रेम्ब्रांटकडे गेला. रेम्ब्रांट १६६९ मध्ये वारला. तोवर गुळगुळीत, चकचकीत चित्रांची चलती सुरू झाली होती. होख्स्ट्राटेनकडेच शिकलेला स्खाल्केन मेणबत्तीच्या उजेडातली तशी चित्रं काढून नावाजला. गेल्डर घरचा सधन, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या आवडीमागे धावण्याची त्याला गरज पडली नाही. गुरूचा जाड रंग त्याने अठराव्या शतकातही सोडला नाही. पण त्याला नुसता 'रेम्ब्रांटचा शेवटचा शिष्य' म्हणून बाजूला सारतात, ते मला मुळीच पटत नाही. रेम्ब्रांटही ओल्या रंगात ओरखडे काढायचा, पण कापडाचा अख्खा पोत त्यावर तोलून धरण्यापर्यंत हे तंत्र गेल्डरने नेलं. रंगही त्याचे जास्त उजळ. सत्तरीच्या आसपास त्याने ख्रिस्ताच्या दुःखभोगाची मोठी मालिका रंगवली. तिच्यातली दहा चित्रं जर्मनीतल्या आशाफेनबुर्गला आहेत, दोन अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये.

आता थर नीट वाळला की बर्न्ट सिएना या लालसर तपकिरी रंगाचं पातळ ग्लेझ (पारदर्शक थर) चढवून लगेच फडक्याने वरवर पुसायचं, म्हणजे रंग खाचांतच राहील. त्यानंतर घ्यायचंय ते फ्रँकफुर्टच्या श्टेडल संग्रहालयातलं झ्यूक्सिस या प्राचीन ग्रीक चित्रकाराच्या रूपातलं गेल्डरचं आत्मचित्र, तेही १६८५ चंच. त्यातला हसरा चेहरा आधी फक्त अंबर आणि पांढऱ्यात करून बघणार आहे.